पडलं कुठं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसानं आजवर काय काय गिळलं, याची यादी कुणी केलेली नाही. केलीच तर ती क्रिकेटच्या चेंडूंपासून सुरू होईल. मग कापलेले पतंग, लग्नाच्या शूटिंगसाठी आलेले ड्रोन, चुकलेली शेरडं, आणि पूर्वीच्या काळी निवडणुकीच्या आदल्या रात्री गायब झालेले पंचायतीचे सदस्य. (हल्ली सदस्य उसात लपत नाहीत, सहलीला जातात.) या यादीत आमच्या मंडळींनी अलीकडे रॉकेटांची भर घातली आहे.

आमची मंडळी म्हणजे अभियांत्रिकीची काही पोरं, दोन शाळामास्तर, एक निवृत्त बँकवाले आणि मी. क्लब म्हणावं तर नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, तालमीला असतो तसा फलकही नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी, वारं उठायच्या आत, पंप आणि पाण्याचे कॅन गाडीत टाकून पश्चिमेकडं निघायचं. पूर्वेकडं उजळाईवाडीचा विमानतळ आहे. त्या अंगाला काही उडवायचा विचारसुद्धा करायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की जे उडवलं ते हुडकून आणायचं. पहिला नियम पाळायला अगदी सोपा आहे. हे सगळं लिहायचं कारण दुसरा.

रॉकेट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आग येते. आमच्या रॉकेटात आग नसते, पाणी असतं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, वर सायकलच्या पंपानं कोंबलेली हवा. चाप सुटला की पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर. पाणी संपायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पुढचा सगळा प्रवास आधी मिळालेल्या झटक्यावर. बरी साधली तर पन्नास-साठ मीटर जाते. शेपटीचे पंख जुन्या सूचनाफलकाच्या प्लास्टिकचे, टोपी दुसऱ्या बाटलीच्या बुडाची आणि पॅराशूट फाटक्या छत्रीच्या कापडाचं. ते नेमकं शेंड्याला उघडावं म्हणून चावीच्या खेळण्यातलं यंत्र काढून बसवलेलं असतं. खेळण्यातला बेडूक जेवढा वेळ उड्या मारतो, तेवढ्यात रॉकेटानं वर पोचायचं, असा हिशोब.

अमेरिकेत हीच हौस करणारा माणूस दुकानात जाऊन दारू भरलेली कागदी मोटर विकत आणतो. आपल्याकडं दारूला १८८४ चा स्फोटक कायदा लागतो, आणि ते बरंच आहे. त्या कागदी मोटरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती एका चपला विकणाऱ्यानं बनवली आणि चपलेला कोल्हापुरात किंमत आहे. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल यांचं जोड्यांचं दुकान होतं. दारूकामाचा नाद होता. भावाला विमानांच्या प्रतिकृतींचा नाद. १९५४ मध्ये त्यांनी एक छोटं कागदी रॉकेट केलं. त्याच्या मोटरीत दारूचे तीन थर: पहिला ढकलणारा, दुसरा सावकाश जळत नुसता वेळ काढणारा आणि तिसरा फट्‌ करून टोपी उडवणारा, म्हणजे आतलं पॅराशूट बाहेर. पुढं १९५७ मध्ये व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी एका मासिकात लेख लिहिला. घरात रॉकेटं करताना हातपाय गमावणाऱ्या पोरांबद्दलची काळजी त्यात होती. तो वाचून कार्लाइलनी आपले नमुने त्यांना धाडले आणि त्यातून हा छंद जगभर गेला.

मला यातला मधला थर फार आवडतो. काहीच न करता जळत राहणारा. तो नसता तर कार्लाइलचं रॉकेट म्हणजे आपला दिवाळीतला बाण. बाणाची काडी कुठं पडली हे कोण बघतं? दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं फुसके फटाके वेचत हिंडतात, पण काडीला ती हात लावत नाहीत. कार्लाइलनी रॉकेट परत आणायची सोय केली आणि त्याबरोबर शोधायची जबाबदारीही आपोआप आली. परत येणारी वस्तूच हरवू शकते.

तर आता शोधाकडं.

साठ मीटरवर पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला चार मीटर या गतीनं उतरू लागलं, तर ते पंधरा सेकंद हवेत असतं. शर्टाची कॉलरही न हलवणारं वारं सेकंदाला तीन मीटर वाहत असेल, तरी तेवढ्यात ते ४५ मीटर वाहून जातं. वारं जरा अंगात आलं की ७५. माळ कितीही मोठा निवडा, त्याच्या कडेला कुणाचा तरी ऊस असतोच. पॅराशूट लहान करावं तर रॉकेट लवकर खाली येतं, पण पंख मोडतात. मोठं करावं तर पंख वाचतात आणि रॉकेट शेजारच्या गावात जातं. मधोमध भोक पाडलं तर झुलणं कमी होतं. या विषयावर आमच्यात बँकवाले आणि पोरं यांचे दोन तट आहेत, आणि समेटाची लक्षणं नाहीत.

सुरुवातीला आम्ही मसाई पठारावर जायचो. पन्हाळ्याच्या पलीकडं जांभ्या दगडाचं ते लांबच लांब सपाट पठार. झाड नाही, पीक नाही, नजर अडायला काही नाही. रॉकेटवाल्याला स्वर्ग वाटावा. पण तिथलं वारं कुणाचं ऐकत नाही आणि पठाराला कडा आहेत. कड्यावरून रॉकेट पलीकडं गेलं की ते शोधायचा प्रश्नच मिटतो. ते शांतपणे, डौलात, छत्री उघडून दरीत उतरताना दिसत राहतं, आणि आपण वर उभे. शिवाय पावसाळ्यानंतर तिथं जी रानफुलं येतात ती तुडवत हिंडायला जीव होत नाही. म्हणून खाली आलो, मास्तरांच्या एका नातेवाइकांच्या माळावर. तिथून ऊस शंभर पावलांवर.

शोधायचं एक तंत्र आहे, ते हळूहळू जमतं. उडवायच्या आधी दोघांनी एकमेकांपासून लांब उभं राहायचं. रॉकेट उसाआड गेलं की त्या क्षणी दोघांनीही क्षितिजावरची त्याच्या मागची खूण धरायची. एकाला कारखान्याची चिमणी, दुसऱ्याला जोतिबाच्या डोंगराची सोंड किंवा मोबाइलचा टॉवर. मान हलवायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. मग दोघांच्या दोन रेषा जिथं छेदतात तिथं तिसऱ्यानं जायचं. नुसत्या एकाच्या सांगण्यावर जायचं नाही, कारण माणसाचा डोळा दिशा बरोबर सांगतो पण अंतर नेहमी कमी सांगतो. ‘त्या बांधाच्या अलीकडंच पडलं’ असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं, की समजावं, बांधाच्या पलीकडं बघायचं. सगळ्यात अवघड काम त्या दोघांचं असतं. सगळे आरडाओरडा करत असताना त्यांनी रेषा धरून उभं राहायचं. आमच्यात एक पोरगं आहे, रॉकेट बनवण्यात यथातथाच, पण चिमणीवर रोखलेली नजर ते पाच मिनिटं काढत नाही. माझ्या मते आमच्यातला खरा रॉकेटवाला तोच.

उसाच्या कडेला रेषा संपतात. तिथं माणूस उभा असतो.

‘काय सांडलंय व्हय?’

‘रॉकेट पडलंय मामा, आत.’

‘कुणाचं?’

‘आमचंच.’

‘सरकारी न्हाई न्हवं?’

‘न्हाई, न्हाई. बाटलीचं हाय.’

मामा बाटली या शब्दावर जरा थबकतात. रविवारी सकाळी बाटली घेऊन माळावर आलेल्या मंडळींविषयी त्यांची काही मतं असतात. मग पंप, पाण्याचा कॅन आणि बरोबरचे मास्तर बघून ती मतं मागं घेतात. ‘हुडका की मग. पर सरीनं जावा. ऊस मोडू नगासा.’ एवढ्यावर परवानगी मिळते. चहा होतो तो नंतर, बाहेर आल्यावर, रॉकेट मिळो न मिळो. चहाच्या वेळी कारखान्याची बिलं, पाण्याची पाळी, पोराला कुठल्या शाखेला घालावं, असे विषय निघतात. आकाशाविषयी कुणी बोलत नाही.

उसाच्या आत गेल्यावर दिशा नावाची गोष्ट उरत नाही. डोक्यावर तीन-चार हात पाला, दोन्ही बाजूंना भिंत, चिमणी नाही, डोंगर नाही. सरी एकीकडं जाते आणि आपली रेषा दुसरीकडं. पाल्याच्या धारेनं हातावर बारीक चिरा पडतात. त्या लागलीच कळत नाहीत, घाम आला की कळतात. परतीच्या पावसात लोळलेला ऊस असला तर तिथं चालणंच नाही, वाकून सरपटणं. पायाखाली पाचट, आणि पाचटात काय आहे हे पाय ठेवल्यावर ठरणार. बाहेरून कुणीतरी ओरडत असतं, ‘डावीकडं, डावीकडं!’ पण त्याचं डावं की आपलं, हे ठरवायला मान वर काढता येत नाही. पोरांनी एकदा रॉकेटात चिवचिवणारी छोटी शिट्टी बसवली, पडल्यावर वाजत राहणारी. कल्पना नामी होती. फक्त उसात किडे किती आणि कुठल्या कुठल्या सुरांत वाजतात, याचा अंदाज कुणाला नव्हता.

आणि बहुतेक वेळा आपण बघतो जमिनीवर. पॅराशूट असतं डोक्यावर, वाढ्यात अडकलेलं. बाटली पानांवर निवांत आडवी पडलेली, आपण तिच्या खालून दोनदा गेलेलो. म्हणून आता एकाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा मोटरच्या खोलीच्या पत्र्यावर चढवायचं. ड्रोन घेऊन बघू, असंही एकानं सुचवलं. उसाच्या यादीतल्या ड्रोनांची आठवण देऊन त्याला गप्प केलं.

द्रवइंधनाचं जगातलं पहिलं रॉकेटही भाजीच्या शेतातच पडलं होतं. १६ मार्च १९२६ ला रॉबर्ट गॉडार्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी नात्यातल्या एफी मावशीच्या शेतातून ते उडवलं. अडीच सेकंद, ४१ फूट उंची, आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात. बायकोच्या हातात चित्रपटाचा कॅमेरा होता, पण त्याची चावी उड्डाणाआधीच उतरली, म्हणून ते दृश्य टिपलं गेलं नाही. इतिहासाची पुस्तकं इथं थांबतात. मला उत्सुकता आहे ती पुढच्या तासाभराची. मार्चमधल्या बर्फात वाफ्यावर वाकून तुकडे वेचणारे प्राध्यापक. त्यांनी वेचले हे नक्की, कारण त्यातले भाग पुढच्या रॉकेटात वापरले गेले. तीन वर्षांनी, जुलै १९२९ मध्ये, त्यांचं मोठं रॉकेट एवढ्या आवाजानं उडालं की विमान कोसळलं समजून पोलीस आणि रुग्णवाहिका धावत आल्या. आत बसवलेला वायुभारमापक आणि कॅमेरा शाबूत सापडले, पण राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यानं मात्र तिथं पुन्हा उडवू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी गॉडार्ड न्यू मेक्सिकोच्या ओसाड माळावर गेले. आम्ही पठारावरून शिवारात आलो, ते शिवारातून माळावर.

आपल्याकडं कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांनी तर रॉकेटातून टपाल पाठवायचं मनावर घेतलं होतं. ३० सप्टेंबर १९३४ ला त्यांनी जहाजावरून सागर बेटाच्या दिशेनं पहिलं टपाल-रॉकेट सोडलं. ते हवेतच फुटलं आणि पाकिटं वेचत हिंडायची पाळी आली. पुढच्या वर्षी सिक्कीमच्या राजानं त्यांना पाठबळ दिलं. २९ जून १९३५ ला त्यांनी दामोदर नदीपलीकडं एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवली, दोघंही जिवंत पोचली. १९९२ मध्ये टपाल खात्यानं स्मिथ यांच्या नावे तिकीट काढलं. टपालतिकिटांच्या शौकिनांना ती जळकी पाकिटं आज कोऱ्यांपेक्षा प्यारी आहेत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. कोरं पाकीट कुणीही जपून ठेवील. जळकं आधी कुणीतरी चिखलातून उचलावं लागतं.

उशिरा सापडण्याचा विक्रम मात्र कर्नाटकाकडं आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या बिदनूर नगर इथल्या कोरड्या विहिरीतून २०१८ च्या जुलैत हैदर-टिपूच्या काळचे हजारावर बाण निघाले. वीतभराहून थोड्या लांब, गंजलेल्या लोखंडी नळ्या, आत अजून दारू, आणि भोवतालच्या मातीलाही तिचा वास. ज्या बाणांनी पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना हैराण केलं, त्यांचे हे भाऊबंद. ते उडून हरवले नव्हते, उडायच्या आधीच विसरले गेले होते. तसले बाण मराठी फौजांतही असायचे. उडालेले कुठं गेले कोण जाणे. आपल्या बखरी बाण सुटल्याचं सांगतात, पडल्याचं सांगत नाहीत.

आणि कधी कधी ज्याचं हरवलं तो शोधायलाच येत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, माणसापेक्षा मोठं एक धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या गावांत पोकळ गोळे सापडले. जाणकारांनी अंदाज बांधला की आदल्या वर्षी सुटलेल्या चिनी रॉकेटाचे हे अवशेष असावेत. पोलीस आले, इस्रोची माणसं येऊन गेली. चीननं काही ‘पडलंय व्हय आमचं?’ म्हणून विचारलं नाही. आंतरराष्ट्रीय करारानं अशी वस्तू मागितल्यास परत करायची असते, आणि तिनं नुकसान केलं तर पाठवणाऱ्या देशानं भरपाई द्यायची असते. १९७८ मध्ये सोविएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडाच्या बर्फात विखुरला, तेव्हा कॅनडानं साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं होतं. तीस लाखांवर तडजोड झाली. आमच्या मामांची भरपाईची कलमं त्यापेक्षा सुटसुटीत आहेत. सरीनं जावा, ऊस मोडू नगासा.

या बाबतीत मला हैदराबादच्या फुगेवाल्यांची रीत पटते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं तिथलं केंद्र मोठाले फुगे उंच सोडतं आणि त्यांची उपकरणं पॅराशूटनं मराठवाड्यात, विदर्भात कुठंही उतरू शकतात. त्याआधी वर्तमानपत्रांत निवेदन येतं: पेटी सापडली तर उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला नाही तर आम्हाला कळवा, फोनचा खर्च देऊ, बक्षीस देऊ, छेडछाड केली असेल तर बक्षीस नाही. शेतकऱ्याशी केलेला हा रोखठोक सौदा आहे. आपली वस्तू तुमच्या रानात पडणार हे आधीच कबूल करायचं आणि उचलून ठेवणाऱ्याच्या श्रमाला मोल लावायचं. हवामान खात्याचे रोज सुटणारे फुगे एवढंही करत नाहीत. त्यांच्या पेट्या परत यायच्या अपेक्षेनं जातच नाहीत, आणि मग कुठल्या तरी गावात ‘शेतात संशयास्पद वस्तू’ अशी बातमी होते.

पोरांनी हे निवेदन मनावर घेतलं. आता प्रत्येक बाटलीवर पक्क्या शाईनं लिहिलेलं असतं: धोका नाही, फोन करा, चहा आमच्याकडून.

जाता जाता एक बोच. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे. ते रेडिओलहरी वर पाठवतं आणि परतलेल्या क्षीण प्रतिध्वनींवरून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचं वारं मोजतं. वर काही पाठवायला नको, खाली काही शोधायला नको, कुणाच्या बांधावर उभं राहायला नको. ज्या गावात ऐंशी किलोमीटरवरचं वारं कळतं, त्याच गावात साठ मीटरवरच्या वाऱ्यासाठी आम्ही गवताची चिमूट हवेत सोडून बघतो.

उसात राहिलेली रॉकेटं गळीत हंगामात बाहेर येतात. टोळी फडात शिरते, कोयते चालतात, आणि दिवाळीतलं रॉकेट माघात सापडतं. सापडलेल्या मालाचं काय होतं हे बघण्यासारखं आहे. बीडकडून आलेल्या टोळीच्या खोपीवर आम्ही आमचंच एक पॅराशूट ओळखलं. वाऱ्यानं उडणाऱ्या ताडपत्रीला ते कोपऱ्यातून बांधलेलं होतं आणि उंचावर उघडण्यापेक्षा ते काम नीट करत होतं. पंख बैलाच्या दावणीपाशी पोरांच्या खेळात गेले होते. बाटलीची टोपी कापून तिचं नरसाळं केलेलं, त्यातून बैलाला औषध पाजायचं. मुकादमानं चावीचं यंत्र मात्र जपून पुडीत ठेवलं होतं. ‘हे काहीतरी किमतीचं दिसलं, म्हणून ठिवलं,’ म्हणाला. पोरांनी तेवढंच घेतलं आणि बाकीच्या वस्तूंवरचा हक्क सोडला. पॅराशूट मागायचा विषय बँकवाल्यांनी काढला, पण खोपीकडं बघून स्वतःच पुन्हा मिटवला.

रिकामं रान मोठं दिसतं. मामा बांधावर उभे होते. खोडवा ठेवायचा की नांगर घालायचा, या विचारात असावेत. मास्तरांनी यंत्र दाखवून त्यांचे आभार मानले आणि पुढच्या वर्षीही येऊ का, असं विचारलं.

मामांनी आमच्याकडं, मग माळाकडं आणि मग पलीकडच्या बांधाकडं बघितलं. तिथं चुलतभावाचा आडसाली ऊस अजून उभा होता.

‘या की,’ ते म्हणाले. ‘फकस्त वारं बघून सोडत जावा. पडायचंच झालं तर त्येच्यात पडू दे.’